मिनियापोलिसचे मेयर ह्यूबर्ट हम्फ्री

एदेन हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. पण अमेरिकेच्या उत्तर भागात, मिनेसोटा राज्यात, ईडन प्रेरी नावाचे एक गाव आहे हे ज्यांचे आप्त तेथे राहतात त्यांनाच बहुधा ठाऊक असेल. १८५२ साली एलिझाबेथ एलेट नावाची एक लेखिका त्या बाजूला फिरावयास गेली आणि तेथील गवताळ माळ पाहून तिने हे नाव ठेवले. आज तो माळ राहिलेला नाही. मिनियापोलिस शहराच्या नैऋत्येचे ते एक सुखवस्तू उपनगर झाले आहे. तेथे पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात, त्यांत मराठी बोलणारीही आहेत. तेथून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत मिनेसोटा युनिव्हर्सिटी लागते. ह्या युनिव्हर्सिटीने बरीच नामांकित माणसे दिली. त्यांपैकी एकाची हकीकत आम्ही ह्या अंकात देत आहोत. हे गृहस्थ यहुदी नव्हते व भारतीयही नव्हते. तरीपण परदेशी जाऊन राहिलेल्या आपल्या लोकांशी त्यांच्या आयुष्याचा संबंध आला आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नाही.

ह्यूबर्ट हम्फ्री यांचा जन्म २७ मे १९११ रोजी साउथ डकोटा राज्यातील वॉलेस ह्या खेड्यात झाला. ते वाढले डोलंड ह्या गावी. वडिलांचे तेथे औषधांचे दुकान होते. वडील मोठे बोलके, राजकारणाची आवड असलेले. दुकानात गिऱ्हाईक औषध घेण्यास येई आणि गावच्या कारभारावर वाद घालून जाई. मुलाने बोलण्याची कला तेथेच उचलली आणि ती जन्मभर आवरली नाही! हम्फ्रींची भाषणे लांबत, ही तक्रार त्यांचे मित्रसुद्धा करीत. १९२७ साली गावातील बँका बुडाल्या आणि वडिलांना राहते घर विकावे लागले. त्या वेळी हम्फ्री सोळा वर्षांचे होते. १९२९ साली ते मिनेसोटा युनिव्हर्सिटीत दाखल झाले, पण मंदी आली आणि १९३१ साली शिक्षण सोडून दुकानावर परत जाणे भाग पडले. कुटुंब तोवर ह्युरॉन गावी दुकान मांडून बसले होते. डेन्व्हर येथील फार्मसी कॉलेजातला दोन वर्षांचा अभ्यास त्यांनी सहा महिन्यांत उरकला, औषधविक्रेत्याचा परवाना मिळवला आणि १९३७ पर्यंत ते पुड्या बांधीत राहिले. धुळीची वादळे येत, पिके जात, गिऱ्हाइकांकडे पैसा नसे.

१९३६ साली म्युरिएल बक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्या वर्षी दोघे मिनियापोलिसला आली आणि हम्फ्रींनी सोडलेला अभ्यास पुन्हा हाती घेतला. म्युरिएलबाई हिशेबनिसाची नोकरी करीत, शिवाय घरी सँडविच करून देत. ती सँडविच हम्फ्री वर्गबंधूंना दहा सेंटला एक ह्या दराने विकत. आपल्याकडे डबे पोचवून मुलांना शिकविणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत, त्यामुळे ह्यात आम्हांला नवल वाटत नाही. १९३९ साली ते मोठ्या मानाने पदवीधर झाले. ऑर्व्हिल फ्रीमन हे त्या वेळचे त्यांचे सोबती. राज्यशास्त्राचे अध्यापक इव्हरॉन कर्कपॅट्रिक ह्यांनी त्यांना राजकारणात पडण्याचा आग्रह धरला.

आता ही युनिव्हर्सिटी व हे शहर त्या काळी कसे होते ते सांगितले पाहिजे.

१९३७ साली मुंबई शहराने आपल्या समाजाच्या डॉ. एलायजा मोझेस ह्यांना मेयर निवडले. त्याच सुमारास मिनियापोलिसमध्ये यहुदी माणसाला मोटारचालकांच्या क्लबाचे सभासदत्वसुद्धा मिळत नव्हते. रोटरी, लायन्स अशा मंडळांची दारे बंद होती. डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून १९४७ पर्यंत काम करीत होत्या, आणि मिनियापोलिसचे शिकलेसवरलेले यहुदी डॉक्टर आपले रोगी कोणत्या हॉस्पिटलात न्यावेत ह्या विवंचनेत होते, कारण हॉस्पिटले त्यांना जागा देत नसत. शेवटी तेथील समाजाने वर्गणी गोळा करून माउंट सिनाई हॉस्पिटल बांधले. ते १९५१ साली उघडले. घरांच्या खरेदीखतांत अटी घातलेल्या असत की हे घर कृष्णवर्णीयांना विकू नये, आशियाई माणसाला विकू नये. काही खतांत यहुद्यांनाही मनाई असे. अशी हजारो खते अलीकडे त्याच युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी शोधून नकाशावर मांडली आहेत. मायदेशी आपल्याला हा अनुभव कधी आला नाही, म्हणून अमेरिका म्हणजे पहिल्यापासून मोकळा देश अशी आपल्या पुष्कळांची समजूत असते.

युनिव्हर्सिटीचे वर्तन काही निराळे नव्हते. लोटस कॉफमन हे १९२० ते १९३८ अध्यक्ष होते. त्यांच्या अमदानीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वसतिगृहात राहू देत नसत. विद्यार्थ्यांचे डीन एडवर्ड निकोल्सन हे यहुदी व डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांवर पाळत ठेवीत आणि त्यांची नावे बाहेरच्या राजकारण्यांना पुरवीत. जेथे हम्फ्री सँडविच विकून शिकत होते तेथेच हे चालले होते. ही माहिती कागदपत्रांत पडून होती. २०१७ साली युनिव्हर्सिटीतच तिचे प्रदर्शन भरले तेव्हा ती सर्वांपुढे आली.

पदवीनंतर हम्फ्री एक वर्ष दक्षिणेत, लुइझियाना युनिव्हर्सिटीत एम.ए.साठी राहिले. गोऱ्यांचा नळ निराळा, काळ्यांचा निराळा, हे त्यांनी तेथे प्रथम डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर १९४३ साली मेयरपदासाठी उभे राहिले व थोडक्यात पडले. काही दिवस मॅकॅलेस्टर कॉलेजात शिकविले. १९४५ साली मोठ्या मताधिक्याने निवडून आले, तेव्हा वय चौतीस.

मेयरच्या कचेरीत त्यांनी चिटणीस म्हणून घेतले ते आर्थर नॅफ्टलिन ह्यांना. नॅफ्टलिन यहुदी आणि त्याच युनिव्हर्सिटीचे पदवीधर. पत्रकार सेसिल न्यूमन हे कृष्णवर्णीय समाजाचे वर्तमानपत्र चालवीत, आणि वकील सॅम शाइनर हे यहुदी समाजावरील अन्यायाची नोंद ठेवीत. ह्या दोघांचा सल्ला मेयर घेऊ लागले. १९४६ साली केरी मॅकविल्यम्स ह्या लेखकाने मिनियापोलिसला यहुदीद्वेषाची राजधानी म्हणून छापून टाकले. शहराची नाचक्की झाली. कोणी दुसरा मेयर असता तर त्याने लेखकावर आग पाखडली असती. हम्फ्रींनी शहराची पाहणी करविली. फिस्क युनिव्हर्सिटीच्या तज्ज्ञांना बोलाविले, शेकडो नागरिकांना कामाला लावले आणि कोणते दुकान कोणास नोकरी देते व कोणास देत नाही, हे तपासून घेतले.

१९४७ च्या जानेवारीत त्यांनी नगरसभेकडून कायदा करून घेतला. वंश वा धर्म पाहून नोकरी नाकारणे हा गुन्हा ठरला, आणि त्यास शिक्षाही ठेवली. अमेरिकेतील शहरांत असा दात असलेला कायदा करणाऱ्या अगदी पहिल्यांत मिनियापोलिस मोडते. आमच्या मते हम्फ्रींच्या आयुष्यातील हे सर्वांत भरीव काम, जरी चरित्रकार पुढच्या मोठ्या गोष्टींवर अधिक पाने खर्च करतात. सलोख्याच्या सभा, भाषणे, एकत्र जेवणे हे सर्व तेथे पूर्वीही होत होते, आणि त्याने एकाही डॉक्टरला जागा मिळाली नव्हती. शिक्षेचे कलम आल्यावर मोठ्या दुकानांनी कृष्णवर्णीय मुलींना विक्रीवर उभे करण्यास सुरुवात केली. ते शहर पालटत गेले, आणि १९६१ साली नॅफ्टलिन स्वतः तेथील पहिले यहुदी मेयर म्हणून निवडून आले. ते १९६९ पर्यंत त्या पदावर होते.

१९४८ साल आमच्या वाचकांना निराळ्या कारणासाठी स्मरणात आहे. इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली १४ मे रोजी. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १४ जुलैला, फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात सदतीस वर्षांचे मेयर हम्फ्री बोलावयास उभे राहिले. पक्षाच्या जाहीरनाम्यात नागरी हक्कांचा स्पष्ट ठराव असावा अशी त्यांची मागणी होती. दक्षिणेचे पुढारी रुसतील, पक्ष फुटेल, तुमचे राजकारण संपेल, असे जाणत्यांनी त्यांना आधी बजावले होते. एवढे बोलके गृहस्थ, पण त्या दिवशी दहा मिनिटांच्या आतच थांबले! राज्यांच्या अधिकारांची ढाल पुढे करून माणसांचे हक्क नाकारण्याचे दिवस गेले, असा त्यांचा आशय होता. ठराव ६५१½ विरुद्ध ५८२½ मतांनी संमत झाला. मिसिसिपीचे सारे व अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी उठून गेले. तरी नोव्हेंबरात ट्रूमन निवडून आले आणि हम्फ्रीही सेनेटर झाले.

सेनेटमध्ये सुरुवातीस त्यांना वाळीतच टाकले. दक्षिणेचे ज्येष्ठ सभासद त्यांच्याशी बोलत नसत. टेक्ससचे लिंडन जॉन्सन ह्यांनी हात दिला तेव्हा कोठे त्यांचा जम बसला. ही मैत्री पुढे त्यांना वर घेऊन गेली आणि महागही पडली.

सेनेटर म्हणून केलेल्या एका कामाची आठवण अमेरिकेतील आपल्या लोकांना वरचेवर होत असेल, मात्र त्यामागे कोण होते हे त्यांना ठाऊक नसेल. मुंबईत केमिस्टकडे जाऊन हवी ती गोळी मागण्याची सवय असलेल्या माणसाला अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पुष्कळ औषधे मिळत नाहीत. कोणते औषध चिठ्ठीवरच द्यावयाचे व कोणते हातावर, ही आखणी १९५१ च्या कायद्याने झाली आणि तो डरहॅम व हम्फ्री ह्या दोन सभासदांच्या नावाने ओळखला जातो. दोघेही मूळचे औषधविक्रेते!

त्याच सुमारास परदेशी लोकांना अमेरिकेत प्रवेश देण्याचा प्रश्न आला. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला शंभर माणसांचा वाटा मिळाला होता. एवढ्या मोठ्या देशाला शंभर! १९५२ साली जुनीच वाटणी कायम करणारे विधेयक आले तेव्हा हम्फ्री व न्यूयॉर्कचे यहुदी सेनेटर हर्बर्ट लेहमन ह्यांनी त्याविरुद्ध स्वतःचे उदार विधेयक मांडले. ते पडले. देशवार वाटणी मोडली ती १९६५ साली. त्या ऑक्टोबरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी सही केली तेव्हा उपाध्यक्ष म्हणून हम्फ्री तेथे हजर होते. ईडन प्रेरीत आज राहणाऱ्या भारतीयांपैकी बहुतेकांचा अमेरिकेचा मार्ग ह्या कायद्यातून निघतो.

आपल्या पिढीला हम्फ्रींचा दुसरा परिचय रेशनच्या दुकानातला आहे. अमेरिकेचे जादा धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकण्याचा पी. एल. ४८० कायदा १९५४ साली झाला आणि हम्फ्री त्याचे मोठे पुरस्कर्ते होते. त्या गव्हाला आपण किती नावे ठेवली! पोळी लाल होते, चिवट होते, वगैरे. काँग्रेस गवतही त्याच गव्हातून आले असे सर्रास म्हणतात. पण पुण्यात ते गवत १९५५ च्या सुमारासच दिसले होते, आणि भारताचा पी. एल. ४८० चा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टातला आहे. असो. १९६५ आणि १९६६ साली लागोपाठ पाऊस फसला तेव्हा त्या गव्हावरच देश तगला.

त्या अवघड काळात हम्फ्री दोन महिन्यांत दोनदा दिल्लीस आले. जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री ह्यांच्या अंत्ययात्रेस अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून, आणि फेब्रुवारीत इंदिराबाईंना भेटावयास. वर उल्लेखिलेले ऑर्व्हिल फ्रीमन तेव्हा अमेरिकेचे शेतीमंत्री होते. आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम ह्यांच्याशी १९६५ च्या नोव्हेंबरात रोमला बोलणी करून शेती सुधारण्याचा कार्यक्रम त्यांनीच ठरवून घेतला. आणि १९६६ साली मेक्सिकोहून ज्या बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे भारतात आले, तो गहू तयार करणारे नॉर्मन बोरलॉग हेही मिनेसोटा युनिव्हर्सिटीचेच. हम्फ्री तेथे दुसऱ्या खेपेस शिकत होते त्या सुमारास बोरलॉगही तेथे होते. जॉन्सन गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडीत आणि व्हिएतनामबद्दल भारत काय बोलतो इकडे कान ठेवीत. अन्नाच्या मदतीला लगाम बांधणे आम्हांस तेव्हाही आवडले नव्हते.

त्याआधी, १९६४ साली, नागरी हक्कांचा मोठा कायदा सेनेटमध्ये पार पाडण्याची कामगिरी हम्फ्रींकडे होती. विरोधकांनी भाषणांवर भाषणे करून साठ दिवस काम अडविले. पूर्वी अशा अडवणुकीपुढे नागरी हक्कांची बहुतेक बिले मान टाकीत असत. हम्फ्री रागावले नाहीत, कोणाचा पाणउतारा केला नाही, आणि दुसऱ्या पक्षाचे एव्हरेट डर्कसन ह्यांचे मन वळविण्यात त्यांनी सारी गोडी खर्च केली. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करण्यात आली. त्याच दिवसांत त्यांच्या मुलावर कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. बाप सेनेटमध्ये उभा आणि मुलगा मिनेसोटात हॉस्पिटलात. वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश पाहून नोकरी नाकारणे साऱ्या अमेरिकेत बेकायदा ठरले. मिनियापोलिसमध्ये सतरा वर्षांपूर्वी लावलेले रोप असे मोठे झाले.

चरित्र येथेच संपविता आले असते तर बरे झाले असते. १९६५ च्या फेब्रुवारीत उपाध्यक्ष हम्फ्रींनी जॉन्सन ह्यांना एक गुप्त टिपण लिहून दिले की व्हिएतनामचे युद्ध वाढवू नये, जनता साथ देणार नाही. टिपण अगदी बरोबर होते. जॉन्सन रागावले आणि महत्त्वाच्या बैठकांना त्यांना बोलावणे बंद झाले. त्यावर राजीनामा देणे, निदान गप्प बसणे हे त्यांना शक्य होते. हम्फ्री ज्या युद्धाविरुद्ध लिहून बसले होते त्याचीच गावोगाव भलावण करू लागले. १९४८ साली वडीलधाऱ्यांची भीड न बाळगणारा माणूस एका मित्राच्या मर्जीसाठी वाकला. आम्ही त्यांचे चाहते असलो तरी हे लपवीत नाही. १९५४ साली कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरविण्याची सूचना त्यांनीच आणली होती, तीही आम्हांस त्यांना शोभणारी वाटत नाही.

१९६८ साली ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलीस तरुणांना बडवीत होते आणि आत हम्फ्रींची निवड होत होती. सप्टेंबरअखेर ते बॉम्बफेक थांबविण्याविषयी थोडे मोकळे बोलले आणि त्यांची बाजू सावरू लागली, पण दिवस उरले नव्हते. सुमारे पाच लाख मतांनी निक्सन विजयी झाले.

मग ते पुन्हा शिकवावयास गेले, मॅकॅलेस्टरला आणि आपल्या जुन्या युनिव्हर्सिटीत. १९७० साली पुन्हा सेनेटर झाले. १९७६ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया झाली. शेवटच्या दिवसांत ते अंथरुणावरून जुन्या मित्रांना व विरोधकांना फोन करीत होते. त्यांत निक्सनही होते. पायउतार झाल्यापासून निक्सन वॉशिंग्टनला गेले नव्हते. हम्फ्रींनी त्यांना आपल्या अंत्यसंस्कारास येण्याचे आमंत्रण स्वतः दिले आणि ते आले. १३ जानेवारी १९७८ रोजी वेव्हर्ली येथील राहत्या घरी हम्फ्री वारले. मिनियापोलिसच्या लेकवुड दफनभूमीत त्यांची कबर आहे. सेनेटची त्यांची जागा काही महिने म्युरिएलबाईंनी सांभाळली.

त्यांच्या नावाचे क्रीडागृह १९८२ साली उघडले व २०१४ साली पाडले गेले. मिनियापोलिसच्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलला त्यांचे नाव आहे, तेव्हा पाहुण्यांना आणावयास गेलेल्या वाचकांनी ते वाचले असेल. युनिव्हर्सिटीत मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर राज्यकारभार शिकविणारे हम्फ्री स्कूल आहे. पूर्व तीरावर विद्यार्थ्यांची मोठी इमारत आहे, तिला अध्यक्ष कॉफमन ह्यांचे नाव दिलेले आहे. ते व आणखी तीन इमारतींवरील नावे काढावीत असा प्रस्ताव २०१९ साली आला होता. युनिव्हर्सिटीच्या विश्वस्तांनी तो दहा विरुद्ध एक अशा मतांनी फेटाळला. मिनेसोटात शिकलेले किंवा तेथे नोकरीस असलेले जे आमचे वाचक असतील त्यांनी ह्याविषयी आपले मत अवश्य लिहून पाठवावे. पुढील अंकात आम्ही ते आनंदाने छापू.